बांधकामावरचं पाळणाघर: जागेच्या पत्रापासून निरोपाच्या कार्डापर्यंत

साइटवर पाळणाघर काढायचं तर आधी मुलं मोजावी लागतात, आणि ती संध्याकाळी सातनंतरच मोजता येतात. दिवसा लेबर कॅम्पात गेलं तर निम्म्या खोल्यांना कुलूप असतं आणि तान्ही मुलं आईबरोबर कामावर, सळईच्या ढिगाशेजारी झोळीत असतात. चुली पेटल्या की सगळं घर एका जागी सापडतं. पुण्याभोवती हिंजवडी, वाघोली, मोशी अशा भागांत जिथे इमारती चढतायत, तिथल्या कॅम्पांमध्ये पाळणाघरं चालवताना आम्ही हीच पद्धत ठेवली आहे. यादीत खोलीनिहाय लिहायचं ते एवढं: सहा वर्षांखालची मुलं आणि त्यांची वयं, आईची हजेरी कोणत्या ठेकेदाराकडे, गाव कोणतं, बोली कोणती आणि घरात सात ते बारा वर्षांची मुलगी आहे का.

हा शेवटचा रकाना कशासाठी, हे नव्या कार्यकर्त्यांना सांगावं लागतं. पाळणाघर नसतं तिथे पाळणाघर म्हणजे ती मुलगीच. धाकट्याला कडेवर घेऊन ती दिवसभर कॅम्पात बसते, म्हणून शाळेत जात नाही. कोसबाडच्या विकासवाडीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकमेकांना जोडली, ती हीच अडचण ओळखून. यादीत अशा दहा मुली निघाल्या, तर तान्ह्यांची खोली चालू होताच दहा दाखले शाळेत करायचे आहेत असं धरून आम्ही पटसंख्येचा अंदाज करतो.

कायद्यात पाळणाघराची तरतूद आली त्यालाही बरीच वर्षं झाली. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याच्या कलम 35 मध्ये 50 हून अधिक बाया कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली द्यावी, असं होतं; 2025 च्या अखेरीस तो कायदा नव्या श्रमसंहितेत गेला. साइटवर मात्र पन्नासचा हा आकडा सहसा भरत नसे. बाया तीन-चार ठेकेदारांच्या हजेरीपुस्तकांत विखुरलेल्या असतात आणि कित्येक ठिकाणी नवराबायकोची मिळून एकच हजेरी, तीही नवऱ्याच्या नावावर लागते. बिल्डर म्हणतो बाया ठेकेदाराच्या, ठेकेदार म्हणतो माझ्याकडे वीसच आहेत. म्हणून आम्ही बोलणं कलमापासून सुरू करत नाही, आधी सेफ्टी ऑफिसरला गाठतो. डक्टजवळ (पाइपांसाठी सोडलेल्या उघड्या पोकळीजवळ) किंवा क्युरिंगच्या, म्हणजे काँक्रीटवर मारायच्या पाण्याच्या हौदापाशी फिरणारं पोर ही त्याची झोप उडवणारी गोष्ट असते. वरच्या बैठकीत जागेची मागणी त्याच्या तोंडून गेली तर लवकर मंजूर होते. पुरेशी जागा आणि चार बरी माणसं मिळेपर्यंत उद्घाटनाची तारीख देऊ नये, बॅनर तर अजिबात छापू नये.

जागा तोंडी मिळाली की लगेच पत्र करून घ्यायचं. एक पान पुरतं. खोली कोणती आणि किती फुटांची, वीज-पाणी कोणाच्या मीटरवर, संडास कोणता, झाडलोट कोण करणार आणि कॅम्प हलवायचा झाला तर 30 दिवस आधी लेखी सूचना. घासाघीस शेवटच्या ओळीवर होते, आणि नेमकी तीच सोडायची नाही. ती नसेल तर एखाद्या सोमवारी ताई येऊन बघते तो खोलीत टाइल्सची खोकी रचलेली आणि कढई बाहेर.

कॅम्पातल्या पत्र्याच्या खोल्या साधारण दहा बाय दहाच्या असतात. मुलामागे 12 चौरस फूट धरलं तर 30 मुलांना 360 चौरस फूट लागतात, म्हणजे मधले पत्रे काढून चार खोल्या जोडून घ्यायच्या. दोन मोठ्यांना, एक पूर्ण तान्ह्यांना आणि उरलेलीत सामान, वजनकाटा आणि आईला दूध पाजायला पडद्याआडची जागा. स्वयंपाक त्याच छपराखाली करायचा नाही, सिलिंडर बाहेर आणि जाळीच्या दारामागे. एप्रिल-मेमध्ये पत्रा असा तापतो की दुपारी आत मुलं झोपूच शकत नाहीत. पंख्याने फक्त गरम हवा फिरते. पत्र्यावर पांढरा रंग आणि त्याच्या वर फूट-दीड फुटावर हिरवी जाळी ताणली की फरक पडतो. जाळी पत्र्याला चिकटवून टाकली तर काही उपयोग नाही, मधून वारा खेळला पाहिजे. खिडक्या समोरासमोर हव्यात. पावसाळ्यात जोत्याची उंची बघावी. जमिनीपासून किमान एक फूट वर विटांचं जोतं नसेल तर पहिल्याच मोठ्या पावसात सतरंज्या तरंगतात.

कुंपण चार फुटी, गज उभे आणि दोन गजांत चार इंचांपेक्षा कमी अंतर. आडवे गज म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला शिडी. अर्ध्या दाराची कडी बाहेरून आणि वर. साठवणीचं पाणी झाकणाच्या पिंपात. बादलीभर पाणीही रांगत्या मुलाला पुरेसं धोक्याचं असतं, म्हणून वापरून झालेली बादली तिथल्या तिथे उपडी करायची. कॅम्प ते पाळणाघर या वाटेत डंपरचा रस्ता आला तर जागा कितीही छान असो, नाकारावी.

वेळ हा सगळ्यात वादाचा भाग. अंगणवाडी जवळ असली तरी ती दुपारपर्यंत सुटते आणि बाई सहाला सुटते. चार तासांचं केंद्र तिच्या उपयोगाचं नाही, कारण त्यासाठी तिला अर्ध्या दिवसाचा खाडा पडतो. म्हणून आम्ही सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा उघडं ठेवतो आणि ताया दोन पाळ्यांत येतात. स्लॅबच्या दिवशी हेही पुरत नाही. काँक्रीट अर्ध्यावर थांबवता येत नाही, जोड राहतो, म्हणून काम रात्री आठ-नऊपर्यंत ओढतं. साइट इंजिनिअरकडून आठवड्याचं स्लॅबचं वेळापत्रक दर शनिवारी घ्यायचं आणि त्या दिवशी उशिरापर्यंत दोन ताया ठेवायच्या. त्यांना जादा तासांचे पैसे आणि घरी पोचवायला रिक्षा, हा खर्च अंदाजपत्रकात आधीच टाकावा. देणगीदार हमखास विचारतात की हा खर्च कशासाठी. खेळणी आणि भिंतीवरची चित्रं यांना पैसे चटकन मिळतात, मानधनाला मिळत नाहीत, आणि पाळणाघराचा निम्म्याहून जास्त खर्च मानधनाचाच असतो.

माणसांचं प्रमाण आम्ही असं ठेवतो: एक वर्षाखालच्या चार-पाच बाळांमागे एक ताई, एक ते तीनच्या आठ-दहा मुलांमागे एक, तीन ते सहाच्या पंधरा-वीस मुलांमागे एक. शिवाय स्वयंपाकाला आणि धुण्याला मदतनीस वेगळी. तिला तान्ह्यांच्या मोजणीत धरायचं नाही. दुपारी साडेबाराला एकीकडे खिचडी उतरायची असते आणि दुसरीकडे तीन बाळं एकदम उठतात. ताया शक्यतो त्याच भागातल्या, दहावी-बारावी झालेल्या घेतो. पोलिस पडताळणी झाल्याशिवाय रुजू नाही, खोलीत कधीही एकटं मोठं माणूस नाही आणि मुलांना संडासला नेणारी ताई ठरलेली. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचं प्रशिक्षण पहिल्याच महिन्यात होतं. संशय आला तर कळवणं हे कायद्याने बंधनकारक आहे आणि ‘आधी खात्री करू’ म्हणून थांबायचं नाही, हे त्यात पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो.

नवं बाळ दाखल होतं तो आठवडा सगळ्यात कसोटीचा. आईला वाटतं, सोमवारी सोडलं की झालं. आम्ही पहिले दोन दिवस तिला तासभर सोबत बसवतो आणि बाळ तिच्याच मांडीवर ठेवतो. ताई समोर बसून फक्त खेळते, हात पुढे करत नाही. तिसऱ्या दिवशी आई दाराबाहेर अर्धा तास, मग चहाच्या सुट्टीपर्यंत. आईने वापरलेली, न धुतलेली ओढणी किंवा साडीचा तुकडा मागून घेतो आणि बाळाला घेतलं की ताई तो खांद्यावर टाकते. आठ ते अठरा महिन्यांची मुलं सगळ्यात जास्त रडतात, त्याआधीची लवकर रुळतात. रडत्या बाळाला एकीकडून दुसरीकडे फिरवत राहिलं की ते कोणाचंच होत नाही, म्हणून त्या आठवड्यात त्या बाळाची ताई एकच. तिची सुट्टी असेल तर दाखला पुढे ढकलतो. अर्ध्या हजेरीचे पैसे बुडतात म्हणून आई कुरकुर करते, ते खरंही आहे. मुकादमाशी बोलून या दिवसांत तिला पाळणाघराजवळचं काम मिळवून देणं हा त्यातला व्यवहार्य मार्ग.

एक उलट लक्षणही बघायचं असतं. नवं बाळ रडत नाही, गाढ झोपतं, दूध प्यायलाही उठत नाही, तेव्हा ताईने खूश होऊ नये. गिरण्यांच्या काळात मुंबईत कामावर जाणाऱ्या आया पोराला बाळागोळी म्हणून अफू देत. आज त्या जागी खोकल्याचं औषध असू शकतं. विचारताना ‘काय दिलंस?’ असं दरडावलं तर उत्तर ‘काही नाही’ हेच येतं. ‘रात्री खोकला होता का, औषध कोणतं दिलं, बाटली आहे का?’ असं विचारलं की बाटली येते. बाळ उठवून उठत नसेल किंवा श्वास मंद वाटत असेल तर मात्र विचारपूस नंतर, आधी दवाखाना.

झोळी बंद करावी असं शहरातले सल्लागार सांगतात. आयांना ती हवी असते आणि बाळांनाही तिची सवय असते. आम्ही ती ठेवली, नियमांसह. वर वेगळा लोखंडी पाइप बसवायचा, छपराच्या अँगलला बांधायची नाही. तळ जमिनीपासून फूटभरच वर, खाली जाड गादी. बाळ स्वतःहून बसायला लागलं की झोळी बंद आणि खाली अंथरुणावर. पाठीवर निजवायचं, तोंडावर दुपटं नाही, उशी नाही. डास असतील तर मच्छरदाणी, अगरबत्ती किंवा कॉइल नाही.

दुधाच्या बाटल्या आम्ही घेतच नाही. कॅम्पात त्या उकळून ठेवणं होत नाही आणि जुलाबाची सुरुवात तिथूनच होते. आई साडेदहाच्या चहाला, जेवणाच्या सुट्टीत आणि चारला येऊन पाजते. काढून ठेवलेलं दूध असेल तर वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. सहा महिन्यांनंतरच्या बाळाची खिचडी त्याच पातेल्यातून, मिरची-फोडणी पडायच्या आधी बाजूला काढायची, घोटायची आणि वर छोटा चमचा तेल किंवा तूप. चमचा तिरका केला तर ओघळून जाऊ नये इतकी घट्ट. पातळ पेज देणं ही जुनी खोड आहे. पोट भरतं, वजन वाढत नाही.

वर्षावरच्या 30 मुलांना दुपारच्या खिचडीसाठी दीड किलो तांदूळ, 700 ग्रॅम मूगडाळ, 150 मिली तेल आणि दोन-अडीच किलो भाजी, तीही पालक, गाजर, लाल भोपळा अशी. सकाळी नाचणीचं सत्त्व किंवा लापशी, चारला केळं, राजगिऱ्याचा लाडू किंवा उकडलेलं अंडं. अंड्याबद्दल दाखल्याच्या वेळीच घरी विचारून ठेवायचं. शेंगदाणा कूट करूनच द्यायचा. तीन वर्षांखाली अख्खा दाणा, फुटाणा, द्राक्ष काहीही नाही, श्वासनलिकेत अडकतं. पगारानंतर घरी मटण-मासे होतात आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मुलं दुपारी दुप्पट खातात. डाळ त्या हिशोबाने भरून ठेवावी.

वजन महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, सकाळी खाण्याआधी आणि कमीत कमी कपड्यांत. काटा 100 ग्रॅमचा फरकही दाखवणारा हवा. वजनं सुरू करायच्या आधी रिकामी झोळी टांगून शून्य करायचं आणि एक किलोची सीलबंद मिठाची पिशवी टाकून तपासायचं. याशिवाय घेतलेली वजनं आम्ही फाडून टाकतो. त्याच वेळी दंडाचा घेर. डावा हात सैल सोडून खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पट्टी, ती त्वचेला टेकलेली पण रुतलेली नको. सहा महिने ते पाच वर्षं या वयात 11.5 सेंटिमीटरच्या खाली घेर म्हणजे सॅम (तीव्र कुपोषण), 11.5 ते 12.5 च्या आत मॅम (मध्यम कुपोषण). समजा अकरा महिन्यांच्या मुलीचं वजन 6.4 किलो आणि घेर 11.9 आला. वयाच्या मानाने ती कमी वजनाची आहे, घेराने मॅममध्ये आहे. तिला दिवसातून एक वाढीव वाटी, दर आठवड्याला वजन आणि आशाताईंकडे (आरोग्य खात्याच्या आशा कार्यकर्तीकडे) नाव. घेर 11.5 च्या खाली गेला किंवा दोन्ही पायांवर दाबल्यावर खळगा पडणारी सूज दिसली तर खाऊ वाढवत बसायचं नाही, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्यायचं. तिथून पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करायला सांगितलं तर आई नाही म्हणते, कारण दोन आठवडे मजुरी बुडते आणि मोठी मुलं कुठे ठेवायची हा प्रश्न असतो. मोठ्यांना पाळणाघरात संध्याकाळीही ठेवायची हमी दिली तर बरेचदा तयार होते.

सकाळी दारातच प्रत्येक मुलाचे डोळे, कान, बोटांच्या बेचक्या, डोकं आणि अंगाचा ताप बघायचा. खरूज असेल तर एकट्या मुलाला मलम लावून उपयोग नाही, सगळ्या खोलीने एकाच रात्री लावायचं आणि अंथरूण-कपडे गरम पाण्यातून काढून उन्हात टाकायचे. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. जुलाब झाले तर एक लिटर पाण्यात ओआरएसचं पूर्ण पाकीट. अर्धं पाकीट ग्लासात टाकायची सवय जवळजवळ प्रत्येक नव्या ताईला असते आणि त्याने पाण्यात क्षार जास्त होऊन उलट त्रास होतो. झिंकची गोळी आशाताई देतात ती 14 दिवस पूर्ण द्यायची, जुलाब थांबले तरी. लसीकरणाचं कार्ड गावी राहिलेलं असतं. फोन करून त्याचा फोटो मागवायचा. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत असतो आणि स्थलांतरात सगळ्यात जास्त तोच चुकतो.

तीन ते सहाच्या गटाचं शिक्षण ऐकायला सोपं वाटतं. पण एका सतरंजीवर नांदेडची मराठी, छत्तीसगडी, बंगाली, ओडिया आणि यादगीरकडची कन्नड बसलेली असते. पहिल्या आठवड्यात ताईने आयांकडून प्रत्येक बोलीतले पंधरा-वीस शब्द लिहून घ्यायचे, ज्यांच्यावाचून मुलाचं अडतं ते: पाणी, भूक, शू, दुखतंय, आई कधी येणार. मुळाक्षरांचे तक्ते त्यानंतर, फार नंतर. बडबडगीतं, रांगोळीच्या ठिपक्यांवर खडे मांडणं, वाटाणे-राजमा वेगळे करणं, मणी ओवणं, पाण्याने भिंतीवर ब्रश फिरवणं यावर पहिलं वर्ष आरामात जातं. बिल्डरकडचे पाहुणे आले की मुलांनी इंग्रजी कविता म्हणावी अशी अपेक्षा असते. आम्ही म्हणवत नाही.

साइटवरचं साहित्य फुकट मिळतं, पण निवडून घ्यावं. रेती सिमेंट न लागलेली, चाळलेली आणि धुतलेली, कारण सिमेंट मिसळलेल्या रेतीने कातडी भाजते. सेंट्रिंगच्या प्लायचे तुकडे ठोकळ्यांसाठी घेऊ नयेत, त्यांना तेल लागलेलं असतं आणि खिळे निघतात. त्यापेक्षा सुताराकडून दाराच्या चौकटींचे उरलेले तुकडे घ्यावेत आणि पॉलिश पेपरने कडा घासाव्यात. तान्ह्यांच्या खोलीत चार सेंटिमीटरपेक्षा लहान काहीही नको, बाटल्यांची झाकणंसुद्धा.

मूल कोणाच्या हाती द्यायचं याची वही वेगळी असते. प्रत्येक मुलामागे दोनच नावं आणि दोन्हींचे फोटो. खर्ची (हातखर्चाची उचल) मिळते त्या संध्याकाळी वडील पिऊन आले तर मूल द्यायचं नाही, आणि नकार ताईने एकटीने द्यायचा नाही. म्हणून दुसरं नाव शक्यतो शेजारच्या बाईचं असतं. ती येते आणि दारातला वाद तिथेच मिटतो. फी घ्यावी की नाही यावर आमच्यातच दोन मतं आहेत. नाममात्र रक्कम घेतली तर आया हक्काने तक्रार करतात, हे मात्र दिसलेलं आहे आणि ते चांगलं आहे.

पट स्थिर कधीच राहत नाही. दिवाळी, छठ, होळी, पेरण्या आणि निवडणुका यांत कॅम्प निम्मा होतो. ‘वर्षभर टिकलेली मुलं किती’ असा तक्ता कोणी मागितला तर तो फसवा निघतो. आम्ही मुलामागे हजेरीचे दिवस आणि त्या काळात वाढलेलं वजन देतो. सहाची झालेली मुलं जून उलटून गेला असला तरी शाळेत जातात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे मुख्याध्यापकांना सांगायला सोबत जावं लागतं. वर्षाच्या मधेच दुसरीकडे निघालेल्या शाळकरी भावंडांसाठी शाळेतून, नव्या शाळेत दाखवायला, शिक्षण हमी कार्ड मागून घ्यायचं.

कुटुंब निघतं तेव्हा बहुतेक वेळा आदल्या रात्री कळतं. म्हणून प्रत्येक मुलाचं निरोपाचं कार्ड दर महिन्याच्या वजनानंतर लगेच भरून तयार ठेवतो: नाव, अंदाजे जन्मतारीख, शेवटची दोन वजनं, दंडघेर, झालेल्या आणि राहिलेल्या लसी, चालू औषध आणि आमच्या केंद्राचा फोन. हिंदी आणि मराठी दोन्हींत, प्लास्टिकच्या पाकिटात. नव्या ठिकाणचा ठेकेदार कळला तर तिथल्या अंगणवाडीचं नाव मागे लिहितो. आईच्या फोनमध्ये त्याचा फोटोही काढून ठेवतो, पण फोन विकले जातात, नंबर बदलतात. म्हणून मुलाचा मूळ कागद केंद्र बंद झाल्यावरही दोन वर्षं फाइलमधून काढायचा नाही. दुसऱ्या जिल्ह्यातून एखाद्या आशाताईंचा फोन येतो की हिचा गोवराचा दुसरा डोस झालाय का, आणि तेव्हा तारीख सांगता आली पाहिजे.